हात न लावता दळलेलं पीठ

१७८० च्या आसपास अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये गव्हाचं पोतं गिरणीत पोचलं, की त्याची चढउतार सुरू व्हायची. गिरणी तीन-चार मजली असे. हमालानं पोतं पाठीवर घ्यायचं आणि जिना चढून माळ्यावर न्यायचं. तिथं गहू चाळून-वारून तो खालच्या मजल्यावर जात्याच्या दगडी तळ्यांमध्ये सोडायचा. तळ्यांखालून निघणारं पीठ गरम आणि ओलसर असे. ते फावड्यानं टपात भरायचं, टप पुन्हा दोरानं वर ओढायचा आणि पीठ माळ्यावर पसरायचं. एक पोरगा हातात दाताळं घेऊन ते तासन्‌तास खालीवर करत राही, म्हणजे त्याची वाफ निघून जाई. निवलेलं पीठ मग फावड्यानंच रेशमी कापडाच्या फिरत्या चाळणीत ढकलायचं. चाळून झालं की पिंपात भरायचं.

या साऱ्या व्यवहारात नदीचं पाणी एकच काम करत होतं: दगड फिरवण्याचं. पाणचक्कीचं चाक रात्रंदिवस फुकट फिरायचं. पण दळण्याआधीची आणि दळल्यानंतरची सगळी उचल-ठेव माणसाच्या पाठीवर होती. मजुरी जायची ती त्यात. शिवाय तेच पीठ बुटांखाली तुडवलं जायचं, त्यात धूळ मिसळायची, आणि नीट न निवलेलं पीठ पिंपात आंबून किडायचं. डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँडचं पीठ जहाजांनी वेस्ट इंडीजला आणि युरोपला जात असे. एवढ्या लांबच्या प्रवासात ओलं पीठ टिकणं अशक्यच.

गिरणीवाल्यांना हे सगळं दिसत होतं, पण त्यात गैर काही वाटत नव्हतं. ते खटकलं एका माणसाला. त्याचं नाव ऑलिव्हर इव्हान्स.

तारा, पुस्तकं आणि बंदुकीची नळी

इव्हान्सचा जन्म १३ सप्टेंबर १७५५ रोजी डेलावेअरमधल्या न्यूपोर्टजवळ झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं बरीच. सोळाच्या आसपास वय असताना त्याला गाड्या आणि चाकं बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. मालक रात्री वाचायला मेणबत्ती देत नसे, म्हणून तो दिवसभराच्या रंध्याच्या साली पेटवून त्या उजेडात वाचत बसे, असं त्याच्याबद्दल सांगतात. गणित आणि यंत्रविद्या तो अशीच शिकला.

याच काळातला एक किस्सा त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवला. नाताळच्या सुमारास शेजारच्या लोहाराच्या पोरांनी बंदुकीच्या नळीचं कान बुजवलं, आत थोडं पाणी ओतलं, वरून बोळा ठासून बसवला आणि नळीचं बूड भट्टीत धरलं. दारू ठासल्यासारखा मोठा बार झाला. बाकीच्यांना ती गंमत वाटली. गाड्या घोड्यांशिवाय चालवता येतील का, या विचारात इव्हान्स आधीपासूनच होता. ही शक्ती आपल्याला हवी तीच, असं त्याच्या मनानं घेतलं. पुढे न्यूकोमेनच्या धर्तीच्या वाफेच्या इंजिनाचं वर्णन एका पुस्तकात त्याच्या हाती आलं, तेव्हा तो चक्रावला. त्या इंजिनात वाफ ढकलतच नव्हती! ती थंड करून सिलिंडरमध्ये पोकळी करायची आणि दट्ट्या ढकलायचं काम बाहेरच्या हवेनं करायचं. भट्टीतल्या बाराची ताकद कुणी वापरतच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मात्र हा विचार कामाला लावायला त्याला पुढची तीस वर्षं लागणार होती.

पहिलं यंत्र त्यानं बनवलं ते विशीत. लोकर आणि कापूस पिंजायच्या फण्यांना हजारो बारीक तारांचे दात लागत. त्या काळी ते हातानं वाकवत. तार आपोआप कापून वाकवणारं यंत्र इव्हान्सनं जुळवलं. यंत्र चाललं, पण त्याचा फायदा दुसऱ्यांनीच लाटला. शोध लावणं आणि त्याची किंमत वसूल करणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हा धडा त्याला तरुणपणीच मिळाला. दुसरी विद्या त्याला शेवटपर्यंत नीट साधली नाही.

रेड क्ले क्रीकची गिरणी

१७८२ च्या सुमारास इव्हान्स आणि त्याच्या भावांनी न्यूपोर्टजवळ रेड क्ले क्रीक या ओढ्याकाठी पिठाची गिरणी उभारायला घेतली. भाऊ गिरणीवाले, हा मात्र यंत्रवेडा. दळणं सुधारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. दगडाला टाकी लावण्यात गिरणीवाले पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. त्यानं लक्ष घातलं ते दोन कामांच्या मधल्या जागेत. गहू एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातो कसा, आणि माणसाचा हात न लागता तो तसा जाऊ शकेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. १७८५ पर्यंत त्यानं याचं उत्तर पाच यंत्रांत मांडलं.

धान्य उभं वर चढवण्यासाठी एलिव्हेटर होता. न संपणाऱ्या चामडी पट्ट्याला लहान लहान डबे जोडलेले. खाली डबा गहू किंवा पीठ भरून घेई, वर पोचला की उलटा होऊन रिकामा होई. आपल्याकडे विहिरीवरच्या रहाटाच्या माळेला बांधलेली गाडगी हेच करत. गिरणी नदीकाठी असेल तर जहाजाच्या पोटातला गहूसुद्धा हा पट्टा थेट वर ओढून घेऊ शके.

आडवं वाहून न्यायला स्क्रू कन्व्हेयर होता: लाकडी पन्हळात फिरणारा लांब दांडा आणि त्याच्याभोवती मळसूत्राच्या चालीनं बसवलेल्या छोट्या फळ्या. दांडा फिरला की धान्य पुढे सरके. फळ्या पीठ सतत उलथत राहत, त्यामुळे ते वाटेतच थोडं निवेही.

पोऱ्याच्या हातातल्या दाताळ्याची जागा तिसऱ्या यंत्रानं घेतली. इव्हान्सनं त्याला नावच ‘हॉपर बॉय’ दिलं. माळ्याच्या मध्यभागी एक उभा दांडा, त्याला आडवा लांब हात, हाताच्या खालच्या अंगाला तिरप्या बसवलेल्या फळ्या. हा हात जमिनीवर सावकाश गोल फिरे. ताजं गरम पीठ तो कडेला पसरे, उलथत उलथत मध्याकडे आणे, आणि मध्यावर पोचेपर्यंत निवलेलं पीठ तिथल्या छिद्रातून खालच्या चाळणीत आपोआप पडे. पाचांपैकी अस्सल नवं म्हणावं असं यंत्र बहुधा हेच, आणि पुढे कोर्टात सर्वांत जास्त भांडण झालं तेही याच्यावरूनच.

उरलेली दोन यंत्रं साधी होती. ‘ड्रिल’मध्ये पट्ट्याला डब्यांऐवजी छोटी दाताळी असत आणि ती पीठ आडवं ओढून नेत. ‘डिसेंडर’ म्हणजे पातळ, रुंद, उतरता पट्टा; तो वर पडलेल्या पिठाच्या वजनानंच चाले.

या सगळ्यांना लागणारी ताकद एकाच पाणचाकातून दांतेरी चाकांनी आणि पट्ट्यांनी पोचवलेली होती. त्यामुळे एका टोकाला गहू ओतला, की दुसऱ्या टोकाला पिंपात भरण्याजोगं पीठ पडे. मधे कुणी त्याला हात लावत नसे. माणसांनी देखरेख करायची, दगडांमधलं अंतर सांभाळायचं आणि पिंपं बंद करायची. हमालांची आणि दाताळंवाल्या पोराची गरज संपली.

गिरणीवाले काय म्हणाले

जवळच विल्मिंग्टनला ब्रँडीवाइन नदीकाठी तेव्हाच्या अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या पिठाच्या गिरण्या होत्या. त्यांनी होकार दिला असता तर देशभर हा प्रकार पसरला असता. त्यांची काही मंडळी एकदा रेड क्ले क्रीकवर पाहणीला आली. इव्हान्स त्या वेळी एकटाच होता आणि शेजारच्या शेतात गवत वाळवत होता. गिरणी आपली आपण चालली होती. याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठलं असणार? पण पाहुण्यांनी परत जाऊन अभिप्राय दिला, की हा सगळा नुसता खडखडाट आहे, शहाण्या माणसानं लक्ष द्यावं असं त्यात काही नाही.

हट्टाचं कारण समजण्यासारखं आहे. त्यांचा धंदा उत्तम चालला होता. जुन्या गिरणीत पट्टे, पन्हळ आणि दांडे बसवायचे म्हणजे मजले फोडायचे, काही आठवडे दळण बंद ठेवायचं आणि वर परवान्याचे पैसे द्यायचे. नव्या वस्तूचं धाडस त्याला सुचतं ज्याला जुन्याची सवय नसते.

मेरिलँडमध्ये पटाप्स्को नदीवर गिरण्या चालवणाऱ्या एलिकॉट बंधूंनी ते धाडस केलं. त्यांच्याकडे रोज ३२५ पिंपं पीठ निघे, आणि एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे सुमारे ८९ किलो पीठ मावे. या गिरणीत नव्या यंत्रांमुळे मजुरीत वर्षाला ४,८७५ डॉलर वाचतात, असा हिशेब इव्हान्सच्या बाजूनं मांडला जाई. पीठ वाया जाणं कमी होऊन आणि त्याची प्रत सुधारून मिळणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा होता. पैशाची भाषा ब्रँडीवाइनकरांनाही कळत होती. काही वर्षांत त्यांनीही मुकाट्यानं ही यंत्रं बसवली.

तोवर इव्हान्सनं कायद्याचा आधार शोधला होता. १७८७ मध्ये त्यानं वेगवेगळ्या राज्यांच्या विधिमंडळांकडे एकाधिकार मागितला. पिठाच्या यंत्रांबरोबर वाफेवर चालणाऱ्या गाडीचाही अर्ज होता. पेनसिल्व्हेनियानं पिठाचा अधिकार दिला आणि गाडीचा विषय हसण्यावारी नेला. मेरिलँडनं दोन्ही दिले. गाडीमुळे कुणाचं काही बिघडत तर नाही, मग द्यायला काय हरकत, असा विचार तिथं झाला. १७९० मध्ये अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय पेटंट कायदा आला. त्या वर्षात फक्त तीन पेटंटं दिली गेली, आणि तिसरं, १८ डिसेंबर १७९० चं, इव्हान्सचं होतं. तेव्हा पेटंटवर राष्ट्राध्यक्षाची सही असे. ती करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टननं पुढच्याच वर्षी माउंट व्हर्ननमधल्या आपल्या गिरणीत ही यंत्रं बसवून घेतली. तिथं त्याच जागी पुन्हा उभारलेल्या गिरणीत इव्हान्सची पद्धत आजही चालताना पाहता येते.

१७९५ मध्ये इव्हान्सनं फिलाडेल्फियात गिरणी उभारणाऱ्यांसाठी आणि चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक छापलं. त्यात पाण्याच्या बळाचं गणित होतं, दांतेरी चाकांची कोष्टकं होती आणि यंत्रांचे तपशीलवार नकाशे होते. एक भाग एलिकॉट घराण्यातल्या थॉमसनं लिहिला. या पुस्तकापायी घरची शिल्लक संपली आणि बायको साराला स्वतः कातलेल्या सुताचं कापड विकून चूल पेटती ठेवावी लागली. पण पुस्तक टिकलं. १८६० पर्यंत त्याच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या आणि फ्रेंच भाषांतरही झालं.

वाफेला ढकलायला लावणं

इव्हान्सच्या गिरणीला एक बेडी होती, नदीची. पाणी असेल तिथंच गिरणी. उन्हाळ्यात ओढा आटला की दळण बंद, हिवाळ्यात गोठला की बंद. साहजिकच त्याचं लक्ष पुन्हा वाफेकडे वळलं.

त्या वेळी वाफेच्या जगावर जेम्स वॉटची सत्ता होती. वॉटचं इंजिन न्यूकोमेनच्या इंजिनापेक्षा कोळसा खूप कमी खाई, कारण वाफ थंड करण्यासाठी त्यानं वेगळं भांडं, म्हणजे कंडेन्सर, जोडलं होतं. पण वाफेचा दाब त्यानंही बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेमच जास्त ठेवला. जोराच्या वाफेनं बॉयलर फुटेल अशी त्याला धास्ती होती. म्हणून दट्ट्यावर दर चौरस इंचाला फार तर १० पौंड बळ मिळे, आणि ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठा करावा लागे. परिणामी वॉटचं इंजिन अवजड आणि महाग होई. एक अख्खी इमारतच त्यासाठी बांधावी लागे.

इव्हान्सनं दाब वाढवला. १८०१ च्या सुमारास फिलाडेल्फियात त्यानं स्वतःचे ३,७०० डॉलरच्या आसपास पैसे घालून एक छोटं इंजिन बांधायला घेतलं. सिलिंडरचा व्यास ६ इंच, दट्ट्याची धाव १८ इंच. ६ इंच व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच भरतं. वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंड धरला, तर दट्ट्यावर १,४०० पौंड, म्हणजे सहाशे किलोंहून जास्त जोर पडतो. तेवढाच जोर वॉटच्या पद्धतीनं हवा असेल, तर १३ इंचांहून रुंद सिलिंडर लागेल. शिवाय जोराची वाफ काम करून सरळ बाहेर सोडता येत असल्यामुळे कंडेन्सर नको, त्याचा पंप नको, थंड पाण्याचा साठा नको. इंजिन एका खोलीत मावू लागलं.

जोराची वाफ धरून ठेवायला बॉयलरही तसाच भक्कम हवा. जुने बॉयलर पेटाऱ्याच्या किंवा घुमटाच्या आकाराचे असत. दाब वाढला की त्यांच्या सपाट बाजू फुगत. इव्हान्सनं लांब नळकांड्याच्या आकाराचा बॉयलर घेतला, कारण गोल भिंतीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो.

हे इंजिन त्यानं आधी प्लास्टर ऑफ पॅरिसचा दगड दळायला लावलं. मग त्यालाच बारा करवती जोडून संगमरवर कापून दाखवला: १२ तासांत १०० फूट. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहू लागले. १८०४ मध्ये या इंजिनाचं पेटंट त्याला मिळालं.

इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेविथिक याच वाटेनं चालला होता. १८०१ मध्ये त्यानं रस्त्यावर वाफेची गाडी चालवली, १८०४ मध्ये वेल्समध्ये रुळांवर इंजिन पळवलं. १७९०च्या दशकात इव्हान्सनं आपले नकाशे इंग्लंडला पाठवले होते, त्यामुळे कल्पना तिकडूनच उचलली गेली असा संशय त्याच्या बाजूनं घेतला गेला. तसा पुरावा नाही. वॉटचं पेटंट १८०० मध्ये संपलं आणि वाट मोकळी झाली. दोन हुशार माणसं दोन किनाऱ्यांवर एकाच उत्तराला पोचली, असं मानणंच रास्त.

फिलाडेल्फियाच्या रस्त्यावरचा प्राणी

अमेरिकेतला तेव्हाचा सर्वांत मान्यवर अभियंता बेंजामिन लॅट्रोब यानं १८०३ मध्ये एका अहवालात वाफेवर बोटी चालवू पाहणाऱ्यांना वेडात काढलं. तो टोला आपल्याला आहे, असं इव्हान्सनं धरलं. दोन वर्षांनी त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली. गोदीतला गाळ उपसण्यासाठी फिलाडेल्फियाच्या आरोग्य मंडळानं त्याच्याकडे वाफेवर चालणारी बोट मागितली. इव्हान्सनं तळ सपाट असलेली ३० फूट लांब, १२ फूट रुंद बोट बांधली, तिच्यावर इंजिन बसवलं आणि गाळ उचलायला डब्यांची साखळी लावली. ही साखळी म्हणजे पिठाच्या एलिव्हेटरचीच धाकटी बहीण. कारखाना नदीपासून दीड मैल लांब होता. बोटीला चाकं लावून ती तिच्याच इंजिनाच्या जोरावर नदीपर्यंत न्यायचं त्यानं ठरवलं.

जुलै १८०५ मध्ये ‘ओरुक्टर अँफिबोलॉस’ असं भारदस्त ग्रीक नाव दिलेलं हे धूड मार्केट स्ट्रीटवर आलं. इव्हान्सनं त्याचं वजन १७ टन सांगितलं. सेंटर स्क्वेअरवर लॅट्रोबनंच बांधलेलं शहराच्या पाणीपुरवठ्याचं पंपघर होतं, आणि त्यात वॉटच्या धर्तीचं इंजिन होतं. इव्हान्सनं आपलं यंत्र नेमकं त्या इमारतीभोवती फिरवलं. बघणाऱ्यांकडून २५ सेंट मागितले होते. त्यातला अर्धा वाटा कामगारांचा. मग चाकं काढून, मागे वल्ह्यांचं चाक लावून बोट स्कूलकिल नदीत सोडली. ती खाली जाऊन डेलावेअर नदीतून वर शहराच्या धक्क्याला आली आणि वाटेत शिडाची जहाजं मागे टाकली, असं त्यानं लिहिलं आहे.

या फेरीची हकीकत मुख्यतः इव्हान्सच्याच लेखणीतून आलेली आहे, त्यामुळे वजनाचे आणि वेगाचे आकडे थोडे सांभाळून घ्यावेत. गाळ उपसण्याच्या कामात यंत्र फारसं रुळलं नाही आणि थोड्याच वर्षांत ते मोडीत निघालं. मात्र अमेरिकेच्या रस्त्यावर स्वतःच्या वाफेवर चाललेलं पहिलं वाहन म्हणून त्याची नोंद होते. त्याआधी सप्टेंबर १८०४ मध्ये त्यानं फिलाडेल्फिया-लँकेस्टर रस्त्याच्या कंपनीपुढे १०० पिंपं पीठ वाहणाऱ्या वाफेच्या गाडीचा जमाखर्च मांडला होता. कंपनीनं तो बाजूला ठेवला. सपाट रस्त्यावर सर्वांत वेगवान घोड्यालाही हरवणारी गाडी करून दाखवीन, अशी ३,००० डॉलरची पैजही तो लावायला तयार होता. ती कुणी घेतली नाही.

पेटंटाची लढाई

पेटंटाची मुदत १४ वर्षांची. पिठाचं पेटंट संपायच्या आधी इव्हान्सनं काँग्रेसकडे मुदतवाढ मागितली. ती नाकारली गेली तेव्हा वाफेवरचं मोठं पुस्तक त्यानं अर्ध्यातच सोडलं आणि १८०५ मध्ये त्याचा जेवढा भाग झाला तेवढा छापला. शीर्षकात त्यानं रागानं ‘गर्भपात’ हा शब्द घातला. याच पुस्तकात त्यानं ईथरसारखा उडणारा द्रव पोकळीत उकळू द्यायचा, त्यायोगे पाणी थंड करायचं आणि ती वाफ पुन्हा दाबून द्रव करायची, अशा बंद चक्राचं वर्णन केलं आहे. आजचा घरगुती फ्रिज याच तत्त्वावर चालतो. इव्हान्सनं तो बांधला नाही. त्या धर्तीच्या यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्सनं १८३४ मध्ये लंडनमध्ये घेतलं.

१८०८ मध्ये काँग्रेसनं खास त्याच्यासाठी कायदा करून पेटंट पुन्हा दिलं, आणि राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसननं त्यावर सही केली. मधल्या काळात शेकडो गिरण्यांत ही यंत्रं परवान्याशिवाय बसली होती. इव्हान्सनं सगळ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली, परवान्याची रक्कम वाढवली आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेचलं. गिरणीवाले खवळले. बाल्टिमोरच्या गिरणीवाल्यांनी काँग्रेसकडे तक्रारअर्ज केला. १८०९ मध्ये एका न्यायाधीशाच्या तोंडून पेटंटाविरुद्धचे शेरे ऐकल्यावर इव्हान्सनं घरी जाऊन आपले अनेक अप्रकाशित शोधांचे कागद जाळून टाकले. मुलांना या वाटेला जाण्याचा मोह नको, हे त्याचं कारण.

या भांडणातली सर्वांत रोचक साक्ष जेफरसनची आहे. १३ ऑगस्ट १८१३ रोजी बाल्टिमोरच्या आयझॅक मॅकफर्सनला लिहिलेल्या पत्रात त्यानं इव्हान्सच्या यंत्रांची छाननी केली. डब्यांची माळ? ती तर पूर्वेकडच्या देशांत पाणी उपसायला शतकानुशतकं वापरतात. पन्हळातलं मळसूत्र? ते आर्किमिडीजचं. मग नवं काय राहिलं? माहीत असलेलं यंत्र नव्या कामाला लावलं म्हणून ते आपलं होत नाही, असा त्याचा रोख होता. ज्या रहाटाला मराठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, त्याची साक्ष अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षानं या वादात काढली होती.

जेफरसनचा मुद्दा तुकड्यांपुरता खरा होता. रहाट जुना, मळसूत्र जुनं, पट्टा आणि दांतेरी चाकंही जुनी. पण शतकानुशतकं हे सगळं माहीत असूनही त्यातून न थांबणारी गिरणी कुणी जुळवली नव्हती. इव्हान्सचा शोध जोडणीत होता, आणि जोडणीचं मोल कसं करायचं हे तेव्हाच्या कायद्याला नीट उमगलं नव्हतं. इव्हान्स विरुद्ध ईटन हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८१८ मध्ये निकाल इव्हान्सच्या बाजूनं लागला. १८२२ मध्ये तो उलट गेला: आधी दुसऱ्या कुणी बनवलेल्या हॉपर बॉयपेक्षा आपल्यात नेमकी सुधारणा काय, हे पेटंटात स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून. शोध नेमका कुठं सुरू होतो ते अर्जदारानं सांगितलंच पाहिजे, हा नियम अमेरिकन कायद्यात पक्का करणाऱ्या निकालांत त्याची गणना होते.

मार्स वर्क्स आणि शेवट

भांडणं चालू असतानाच धंदा वाढत होता. १८०६-०७ मध्ये फिलाडेल्फियात त्यानं ‘मार्स वर्क्स’ हा कारखाना काढला. तिथं लोखंड ओतलं जाई, इंजिनं आणि गिरणीची यंत्रं बनत. मुलगा जॉर्ज पिट्सबर्गला गेला, आणि १८११ मध्ये तिथं इंजिनं बनवणारी कंपनी उभी राहिली. ॲपलेशियन डोंगरांपलीकडच्या मुलखात कुशल कारागीर कमी आणि जळाऊ लाकूड मुबलक. तिथं वॉटच्या नाजूक, अवजड इंजिनापेक्षा हलकं, स्वस्त, गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येईल असं इंजिन जास्त सोयीचं होतं. मिसिसिपी-ओहायो नद्यांवरच्या बोटींनी पुढे जोराच्या वाफेचीच इंजिनं स्वीकारली.

त्याची किंमतही मोजावी लागली. फिलाडेल्फियातल्या फेअरमाउंट पाणीपुरवठा केंद्रात १८१७ मध्ये इव्हान्सचं इंजिन बसवलं. त्याचे बॉयलर १८१८ आणि १८२१ मध्ये फुटले आणि माणसं दगावली. वॉटची धास्ती अगदीच निराधार नव्हती. जोराची वाफ वापरायचं धाडस आधी आलं; ती सुरक्षित ठेवायला लागणारं पोलाद, झडपा आणि तपासणीचे कायदे बरेच नंतर आले. १८२२ मध्ये शहरानं वाफ सोडून पुन्हा पाणचाकांवर पंप चालवायला सुरुवात केली.

एप्रिल १८१९ मध्ये इव्हान्स न्यूयॉर्कमध्ये आजारी होता. ११ तारखेला मार्स वर्क्सला आग लागल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली. १५ एप्रिलला तो गेला. त्याचं थडगं शहराच्या वाढीबरोबर जागा बदलत राहिलं, आणि आज ते निनावी आहे.

त्याचा हिशेब मांडताना ‘पहिला’ हे विशेषण जपून वापरायला हवं. जोराच्या वाफेचा तो एकटा जनक नाही. ट्रेविथिक त्याच्या बरोबरीचा आहे. वाफेची बोट त्याच्या आधी जॉन फिचनं डेलावेअर नदीत चालवली होती, आणि तिचा धंदा १८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टननं जमवून दाखवला. फ्रिज त्यानं कागदावरच ठेवला. परवान्याच्या वसुलीत तो इतका ताठर वागला, की ज्यांचा फायदा करून दिला तेच त्याचे शत्रू झाले. पण कच्चा माल एका टोकाला शिरावा आणि पक्का माल दुसऱ्या टोकाला पडावा, मधे माणसानं फक्त लक्ष ठेवावं, हे त्यानं १७८५ मध्ये एका ओढ्याकाठी प्रत्यक्ष चालवून दाखवलं. इतिहासकार सिगफ्रीड गिडियननं १९४८ मध्ये यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना अखंड उत्पादनाची सुरुवात इव्हान्सपासूनच धरली. हेन्री फोर्डची सरकती जुळणी-रांग त्यानंतर १२८ वर्षांनी, १९१३ मध्ये आली. आज साखर कारखाना असो, सिमेंटचा असो की भाताची गिरणी, डब्यांचा एलिव्हेटर आणि स्क्रू कन्व्हेयर तिथं असतातच. त्यांचे सुटे भाग इव्हान्सच्या आधीही होते. ते एका रांगेत जुळवून न थांबता चालवता येतात, ही गोष्ट मात्र त्याची आहे, आणि तेवढं श्रेय त्याला निःशंकपणे द्यावं.